पिवळा

तिने टेबलावरच्या छोट्या दिव्याभोवती ओंजळ धरली आणि पुन्हा निरखून पाहिलं. लावला होता लाल. दिसत होता पिवळा.

एकाच काचेत दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. दोन्ही पेटले की पिवळा दिसतो. संगणकाकडून असे दिवे लावून घेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणं हेच तिचं काम. एक रंग लावताना आधी दुसरा विझवायचा, एवढी एक ओळ तीन महिन्यांपूर्वी तिच्याच हातून गळली होती. तेव्हापासून एकदा दोन्ही पेटले की दिवा पिवळाच राहत होता.

मग तिला बाबांचा दिवा आठवला.

आई गेल्यावर असाच एक तिने त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसवून दिला होता; त्याचा रंग ती इथूनच, इंटरनेटवरून, याच ड्रायव्हरने बदलायची. हिरवा असला की मी मोकळी, फोन करा. लाल असला की कामात. तीन महिने त्यांचा फोन नव्हता. रविवारी तिनेच करायचा, तर ‘बरं आहे’च्या पुढे गाडी सरकत नसे. बाबा रुसलेत, असं धरून तीही जरा रुसूनच होती.

तिने ती ओळ घातली, दुरुस्ती त्यांच्या दिव्यापर्यंत पाठवली आणि हिरवा लावला. दोन मिनिटांत फोन वाजला.

“मोकळी झालीस का गं? शेजारचे विचारत होते, पोरगी ड्रायव्हरचं काम करते म्हणता, तर गाडी कुठली चालवते?”

ती हसली. “बाबा, दिवा बिघडला होता. तीन महिने नुसता पिवळा. सांगायचंत ना!”

“बिघडला होता?”

पलीकडे भांडं सरकल्याचा आवाज आला.

“मला वाटलं, तूच तसा ठेवलायस. म्हणजे कामात आहेस, पण आहेस. मी आपला ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचो. तुझी आई विणत बसायची ना, बोलायची नाही काही, तसं.”

तिने टेबलावरच्या दिव्याकडे पाहिलं.

“असू दे. ठेवतो आता. लाल होईल तुझा.”

तासाभराने तिने ड्रायव्हरमध्ये लाल आणि हिरव्याच्या खाली तिसरा रंग रीतसर लिहिला.

“पिवळा कोणी मागितला?” पलीकडच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं.

“एक जुनं गिऱ्हाईक आहे.”

जेवणाची वेळ झाली तेव्हा तिने पिवळा लावला, तिकडचा आणि इकडचाही. फोन वाजणार नव्हताच. तिने डबा उघडला आणि टेबलावरचा दिवा समोर ओढून घेतला.