पांढऱ्यावर पांढरं

मी एक आकडा आहे. संकेतस्थळाच्या पानाच्या अगदी तळाशी काळ्या पट्टीत सहा हिरवे अंक असायचे आणि शेजारी लिहिलेलं असायचं, 'आपण अमुकावे वाचक आहात'. आठवतंय? तो मी. हल्ली माझी जात फारशी दिसत नाही, पण दोन हजार तीन साली ज्याचं संकेतस्थळ त्याच्याकडे मी असायचोच. कुणी पान उघडलं की एकाने वाढायचं, एवढंच माझं काम. उघडणारा समोर बसलेला असेतोवर त्याचा चेहरा मला दिसतो आणि बोलणं ऐकू येतं. त्याने पान मिटलं की माझ्यापुरता तो संपला.

माझा जन्म हिंजवडीतल्या एका कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत झाला. रुपाली नावाची मुलगी तिथे संगणकाचं काम करायची. तिने एका हाताने पोळीभाजी खात दुसऱ्या हाताने मला तिच्या मामांच्या पानावर बसवलं. मामांचं नाव महिपतराव. सरकारी दप्तरखान्यातून निवृत्त झालेले, राहायला धायरीला, वय अडुसष्ट. जुने मोडी लिपीतले कागद ते घडाघडा वाचत. मोडी शिकवण्याचा त्यांचा वर्ग होता आणि त्या वर्गाची जाहिरात म्हणून हे पान.

जन्मल्या जन्मल्या माझ्यावरून भांडण झालं. रुपालीने मला एक हजारापासून सुरू केलं होतं.

"मामा, शून्य बघितलं की लोक परत जातात. सगळे असंच करतात."

"सगळे करतात म्हणून दस्त खरा होत नाही," महिपतराव म्हणाले. "बनावट कागद ओळखण्यात माझी अडतीस वर्षं गेली. तू मलाच बनावट कागद करून देतेस?"

मग मी शून्यावर आलो. मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्यासारख्याने उघडं पडून लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते महिपतरावांना कळायचं नाही.

महिपतरावांच्या घरी संगणक नव्हता. ते रोज बसने नारायण पेठेत येत आणि अरफातच्या सायबर कॅफेत तीन नंबरच्या मशीनवर बसत. अरफात चाळिशीचा, शांत माणूस. पूर्वी त्याच जागेत त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दारात महिपतराव दिसले की तो तीन नंबरवरच्या माणसाला अदबीने दुसरीकडे बसवायचा.

एकदा माझ्यासमोर बसूनच महिपतरावांनी त्याला सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. वर्ग भरायचा तो एका वाचनालयाच्या माडीवर. वाचनालयाच्या चिटणीस वासंतीबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "महिपतराव, खोली वाचनालयाची आहे, स्मारक नाही. मागच्या वर्षी वर्गात तुम्ही होतात, फळा होता आणि एक विद्यार्थी होता. तोही पाऊस थांबेपर्यंत बसलेला." एकतीस मेपर्यंत पंधरा नावं आली तर ठीक, नाहीतर जूनपासून तिथे इंग्रजी संभाषणाचा वर्ग.

"मग पुढच्या वर्षी करा की, काका," अरफात म्हणाला.

महिपतरावांनी चष्मा काढला. "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं, फार तर तीन. एवढ्यात कुणाला तरी देऊन टाकायला हवं रे. माझ्या डोळ्यांबरोबर हे वाचणं गेलं तर मग मी शिकलो तरी कशाला?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून वाढायचं ठरवलं. पण माझं वाढणं माझ्या हातात नसतं.

प्रचाराचे सगळे उपाय झाले. रुपालीने ओळखीच्या तीनशे जणांना ईमेल पाठवली. महिपतरावांनी चिठ्ठ्या छापून वर्तमानपत्रांत घालायला दिल्या, त्यावर पानाचा लांबलचक पत्ता. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने तो पत्ता रिक्षाच्या मागे रंगवून घेतला. रंगाऱ्याने त्यातला एक ठिपका नक्षी समजून गाळला. आणि मी वाढत होतो! दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे बारा. महिपतराव रोज वहीत माझा आकडा लिहीत. लिहून झाला की पान पुन्हा उघडून बघत, आणखी कुणी आलं का. मी वाढलेलो दिसलो की खूश होत. ते वाढणं त्यांच्याच उघडण्याने झालेलं असे, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या मात्र येत होतं. रोज तोच चष्मा आणि तोच आशेने पुढे झुकलेला चेहरा. मला बोलता येत असतं तरी मी सांगितलं नसतं.

मार्चमध्ये मात्र चमत्कार झाला. दिवसाला दीडदोनशे लोक यायला लागले. मी हजार ओलांडले, दोन हजार ओलांडले. माझी छाती फुगली. फक्त एक गोष्ट खटकत होती. आलेला माणूस पानाकडे बघायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि निघून जायचा. नाव नोंदवणारा एकही नाही.

उलगडा महिपतरावांनाच झाला. एके दुपारी पान बघताना त्यांचा माउसवरचा हात घसरला. बटण दाबलेलं राहिलं आणि पानाखालचा मोकळा भाग निळा झाला. त्यात अक्षरं उमटली. हिंदी सिनेमातल्या नट्यांची नावं, इंग्रजीत, एकाखाली एक, चाळीस तरी असतील. पांढऱ्या पानावर पांढऱ्या रंगात लिहिलेली. त्यांनी अरफातच्या फोनवरून रुपालीला गाठलं.

"अगं, हे काय आहे?"

"मामा, लोक हीच नावं शोधतात. शोधयंत्राला ती पानावर सापडली की ते लोकांना आपल्याकडे पाठवतं. वाचणाऱ्याला काही दिसत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना ही ट्रिक माहीत आहे."

"आयुष्यभर लोकांनी पांढऱ्यावर काळं केलेलं वाचलं मी. पांढऱ्यावर पांढरं करणारी तू पहिली." आवाज चढला नव्हता. "नटी शोधायला आलेल्या माणसाला आपण मोडीच्या दारात आणून सोडायचं? त्याचाही वेळ घालवायचा आणि आपलाही? ते पूस. आणि तो आकडा वहीत होता तिथे आण."

मी तीन हजारांवरून पुन्हा दोनशे बारावर आलो. फार लागलं मला. पण खरं सांगायचं, त्या तीन हजारांतला एकही चेहरा मला आठवत नव्हता.

मे महिना उजाडला. नावं चारच होती, तीही चिठ्ठी वाचून पायी आलेल्यांची. एक दिवस तीन नंबरचं मशीन बिघडलं आणि अरफातने महिपतरावांना पाच नंबरवर बसवलं. त्यांनी पान उघडलं आणि बघतच राहिले.

"अरफात, हे माझं पान नाही."

अरफात आला. वर पत्ता बरोबर होता, तळाशी मीही होतो. पण मधला सगळा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला. 'मोडी'च्या जागी एम ए ए ओ डी आय, तेही काही छोट्या लिपीत, काही मोठ्या.

अरफात म्हणाला, "काका, चूक माझी आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला असंच दिसत होतं. मी रुपालीताईंकडून मराठी फॉन्ट मागवला आणि तीन नंबरवर टाकला. तुम्हाला त्रास नको म्हणून. बाकीच्या मशीनवर नाही टाकला, आणि तो नसला की हे असं दिसतं."

म्हणजे ते पान पुण्यात दोनच जागी मराठी होतं. एक रुपालीच्या ऑफिसात आणि एक तीन नंबरवर. बाकी सगळ्या जगाला आणि शोधयंत्रालाही तिथे हा काला दिसत होता. त्या पानावर इतरांना वाचता येतील असे शब्द होते ते फक्त नट्यांच्या नावांचे.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. महिपतरावांनी वही काढली, माझ्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे हे सगळे दिवस मीच येत होतो," ते हळूच म्हणाले. मग एकदम हसले. "अरे, ही तर मोडीच झाली की! लिहिलंय सगळं, फक्त वाचणारा नाही."

आणि त्यांनी पेन्सिल काढली. दप्तरखान्यात अनोळखी हस्ताक्षर आलं की करायचे तसं. कोणतं अक्षर किती वेळा येतं, कुणाच्या शेजारी येतं, ते टिपायला लागले. छोटा ए म्हणजे अक्षराचा उभा दांडा, हे त्यांनी पाच मिनिटांत काढलं. 'लिपी'पाशी मात्र अडले. तिथे सुरुवातीलाच एक छोटा आय होता.

अरफात मागे उभा होता. तो म्हणाला, "काका, ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो ना? हा आय वेलांटी असेल."

महिपतरावांनी मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "बस इथे," ते म्हणाले. अरफातने खुर्ची ओढली. दोघांनी मिळून माझं अख्खं पान त्या काल्यातून वाचून काढलं. दारात गिऱ्हाईक उभं होतं, तेही थोडा वेळ बघत थांबलं.

तोवर सगळीकडे वाचता येईल अशी युनिकोड नावाची सोय आली होती. रुपालीने पुढचा रविवार खर्ची घालून सगळा मजकूर त्यात नव्याने टाइप केला. मामांची माफीही मागितली. आणि मग हळूहळू माणसं यायला लागली. दिवसाला चार, कधी सहा. पण हे येणारे थांबत, ओठ हलवत वाचत आणि वरपासून खाली माझ्यापर्यंत येत. त्यांतला एक धायरीचाच निघाला, सुखदेव नावाचा कारखान्यातला कामगार. त्याने महिपतरावांना फोन केला. "काका, मी कॅफेत शोधयंत्रात मराठीत टाकलं, मोडी वाचणारा पुणे. तर तुमीच आला. आमच्या घरात असले कागद हायेत, कुणालाच वाचाया येत न्हाईत."

महिपतराव राहत होते तिथून त्याचं घर चालत दहा मिनिटांवर होतं.

एकतीस मेला नऊ नावं झाली. वासंतीबाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, "नऊ म्हणजे पंधरा नव्हेत, हे दप्तरखान्यातल्या माणसाला मी सांगायला नको." खोली गेली. महिपतरावांनी कॅफेत येऊन, तीन नंबरवर बसून हे अरफातला सांगितलं आणि ते पानावर घालायचा मजकूर कागदावर लिहू लागले, वर्ग रद्द झाला आहे. त्यांच्याच्याने दुसरी ओळ लिहवेना.

अरफातने कागद ओढून घेतला. "सकाळी आठ ते दहा माझ्याकडे कोण येतं? सगळ्यांना इथे बोलवा. मशीनवर कापड टाकतो."

पानावरचा पत्ता बदलला आणि वर्ग तिथे भरू लागला. अरफात रोज सकाळी आधी तीन नंबरवर पान माझ्यासकट उघडून ठेवायचा आणि मग गल्ल्यावर बसून ऐकायचा. पुढे तो बाकावर सरकून बसू लागला. आठवड्याभरात त्याच्या हातात बोरू आला.

नवाचे सहा झाले, सहाचे तीन; त्यांत सुखदेव टिकला. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न. चार वर्षं अशी गेली. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा महिपतरावांचे डोळे थोडे अधिक टिकले, पण आता त्यांना माझे हिरवे अंक दिसत नाहीत. परवा ते पडद्याला नाक लावून बघत होते आणि मी दिसण्यासाठी जीव तोडून चमकत होतो, तरी नाही दिसलो.

आज सकाळी रुपाली आली आहे. पान नव्याने करायचं ठरलं आहे.

"शिक्षकाच्या जागी अरफातचं नाव घाल," महिपतराव म्हणाले.

अरफात उठूनच उभा राहिला. "काका, नको. मी अजून अडखळतो कुठे कुठे."

"सुखदेव, काल चुलत्याकडे सापडलेलं बाड आणलंयस ना? दे त्याला त्यातला एक कागद. मी बघितलेला नाही, आता बघूही शकत नाही."

अरफातने कागद उजेडाकडे धरला. सुरुवातीला अडखळत, मग सलग वाचत गेला. कुणा धाकट्या भावाने लांबून थोरल्याला लिहिलेलं पत्र होतं. नदीला पूर आहे, वाट बंद आहे, आईचं दुखणं कसं आहे ते कळवावं. शेवटची ओळ अशी होती: 'पत्र पावताच उत्तर पाठविणे. मी रोज वाट पाहतो.'

महिपतरावांनी डोळे मिटले होते. एकाही शब्दाला त्यांनी चूक दाखवायला हात वर केला नाही.

"मग गेलं का वो उत्तर?" सुखदेवने विचारलं.

"ते याच बाडात असेल तर असेल," महिपतराव म्हणाले. "मला नको विचारूस. सरांना विचार." आणि त्यांनी अरफातच्या दिशेला बोट केलं. अरफातने मान खाली घातली आणि दुसरा कागद उलगडला.

रुपालीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मामा, हा काउंटर ठेवू का? आता कुणी ठेवत नाही."

"काढ," ते म्हणाले. "त्याने बिचाऱ्याने पुष्कळ वाट बघितली."

तर मी निघतो आहे. वाईट वाटतंय, लपवत नाही. उद्यापासून त्या पानावर आलात तर तुम्ही कितवे ते कुणी सांगणार नाही. पण असं एखादं पान उघडलंत, कुणीतरी जीव लावून लिहिलेलं, तर नुसते वाढून जाऊ नका. खालपर्यंत वाचा. आणि वाचून झालं की दोन ओळी उत्तर पाठवा. पलीकडे कुणीतरी रोज वाट पाहत असतं.