पाऊण तासाचं माहेर

माझं लग्न जगदलपूरला ठरत होतं, तेव्हा माझ्या भावानं, गुड्डूनं, मोबाइलवर बघून सांगितलं होतं: बिरसी विमानतळ ते जगदलपूर विमानतळ, हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटर, वेळ पाऊण तास. बाबूजी खूश. आमचं घर बिरसीचंच, धानाच्या बांध्यांपलीकडे धावपट्टी. "गोंदियाच्या बजारातून याले यापेक्षा जास्त टाइम लागते," म्हणाले, आणि होकार देऊन मोकळे झाले.

ज्या वाटेवर विमानच नाही, त्या वाटेची वेळ काढून देणारा तो कोण दीडशहाणा, देव जाणे. दोन ठिपके, मधे एक रेघ, झालं. मी सणावाराला आधी बस, मग आगगाडी असा अख्खा दिवस मोडून यायची. असं विमान नाही, हे बाबूजींना दर वेळी सांगायची. ते हसून मायला म्हणायचे, पोरगी तिकिटाले भिऊन राहिली, वेळ पडली तं उडून येईल. दिवसभर ज्याच्या डोक्यावरून विमानं जातात, त्याला कोण समजावणार? ती पायलटकी शिकणाऱ्या पोरांची विमानं. बिरसीतून उडायची, बिरसीतच उतरायची.

परवा पहाटे गुड्डूचा फोन आला. बाबूजींचं काही खरं नाही, ये. मी नेसत्या साडीनिशी निघाले. केशकालचा घाट, रायपूर, मग गाडी. दरेकसा स्टेशनात गाडी बाजूच्या लाइनीवर उभी केली, मागच्या एक्स्प्रेसला वाट द्यायला. मोबाइलला रेंज नाही, बाहेर नुसतं जंगल. घर इतकं जवळ आलेलं, आणि मी खिडकीचे गज धरून रडत होते. शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

घरी पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात माणसं बसलेली. बाबूजींना खाली घेतलं होतं, उशाशी दिवा लावला होता.

माय रडत नव्हती. तिनं मला जवळ बसवून सगळं सांगितलं. मी निघाल्याचं कळल्यावर बाबूजींनी खाट अंगणात काढायला लावली. त्यांना धीर यावा म्हणून ती म्हणाली होती, रेणू येऊन राहिली. थोड्या वेळानं एक विमान उतरलं. बाबूजींनी फाटक उघडायला लावलं, चहा ठेवायला सांगितला. मग दुसरं उतरलं, मग आणखी एक. दर वेळी ते फाटकाकडे बघायचे. गुड्डूनं समजावून पाहिलं, ते ऐकेनात.

"दुपारी फाटकाकून मान फिरवली त्याहीनं," माय म्हणाली. "म्हणे, गावात उतरली, तं घरी काऊन नाही आली?"

मी विचारलं, मग काय बोलले?

"मंग काहीच नाही बोलले."

मी बाबूजींच्या कानाशी वाकले.

"बाबूजी, थ्या विमानात मी नव्हती. मी दरेकसाले होती."

त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग लोकांनी मला धरून उठवलं.