डूगलची चव

लोकर कातरायच्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये शनिवारी दुपारी चाळीस माणसे दाटीवाटीने उभी होती. बाहेर दक्षिणेचा वारा पत्रा वाजवत होता. सगळ्यांची नजर तांब्याच्या एका बारीक नळीच्या तोंडाशी खिळलेली. तिथून एक थेंब पडला. मग दुसरा.

ती भट्टी डूगल रेनीची. खाली स्टीलचे पिंप, त्यावर पुरुषभर उंचीचा नळा, नळ्याच्या डोक्यात थंड पाण्याचे वेटोळे. घरी पिण्यापुरती व्हिस्की घरी गाळायला या मुलखात कायद्याची आडकाठी नाही, आणि डूगलची व्हिस्की चाखायला तर लोक टेकड्यांपलीकडून येत. गेल्या हिवाळ्यात पुरातून मेंढ्या काढताना डूगल वाहून गेला. त्यानंतर त्याच्या बायकोने, नेटाने, त्याची वही उघडून, तेच धुरी दिलेले जव घेऊन तीनदा व्हिस्की गाळली. तिन्ही वेळा निघाली ती स्वच्छ, जहाल आणि बेचव.

"डूगल गेला, चवही घेऊन गेला," लोक सहज म्हणाले. मग लेनर्ड प्राउस नावाचा गृहस्थ गावात उतरला आणि तेच वाक्य त्याने डोळे मिटून म्हटले.

प्राउस मृतांशी बोलत असे. निदान तो तसे सांगे. आज त्याने भट्टीवर डूगलची चौकड्यांची घोंगडी पांघरली होती, सगळ्यांना दहा मिनिटे शेडबाहेर उभे केले होते, आणि आपली काळी बॅग घेऊन आत एकट्यानेच 'बोलणे' केले होते. मग दार उघडून म्हणाला होता, "मंडळी, कंपने जुळली. पेटवा शेगडी!"

पहिला पेलाभर माल डूगलच्या रीतीने गटारात गेला, मग पुढच्या पेल्यात चार घोट जमले. प्राउसने तो पेला नेटापुढे धरला. तिने ओठांना लावून एक घोट घेतला.

"हा तोच आहे," ती रडत म्हणाली. "अगं बाई, हा माझा डूगल आहे!"

पेला हातोहात फिरला. ओला धूर, भाजलेली पोळी, मागून मधाचा गोडवा. कुणी टोपी काढली. कुणी छातीवर हात ठेवला.

मागच्या रांगेत उना पेट्री उभ्या होत्या. चाळीस वर्षे गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आजोबा झालेली माणसेही त्यांना 'बाई' म्हणत. त्यांनीही घोट घेतला. चव डूगलचीच होती, यात वाद नव्हता. पण नेटाच्या मागच्या गाळपाने जीभ भाजली होती आणि हा घोट तेवढा भाजत नव्हता. हे एक. गटारात सुटलेल्या रबरी नळीतून नेटाच्या वेळी वेटोळ्याचे पाणी धो धो वाहत असे, आज बोटभर धार होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. हे दुसरे. आणि प्राउसच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटाशी काळपट हिरव्या झाल्या होत्या.

"बाई, कशी वाटली?" शेजारच्या हेमिशने कोपराने ढोसले. तो त्यांचा जुना, नापास होण्यात पटाईत विद्यार्थी. "आता तरी मानता का नाही?"

"चव मानते," बाई म्हणाल्या. "बाकीचं तपासते."

तेवढ्यात प्राउसने हात वर केला. "डूगल अजून बोलतोय. तो म्हणतो, माझ्या नातीला सुया टोचू नका. त्या सुयांच्या कंपनांमुळे मला तिच्याजवळ येता येत नाही. आजपासून रोज सकाळी माझ्या अर्काचे तीन थेंब द्या. तिचं रक्त मी धुऊन काढतो."

नातीचे नाव टिली. वय नऊ. तिची आई समुद्रापलीकडे खाणीत नोकरीला, म्हणून ती आजीपाशी. तिला मधुमेह होता, तोही लहान मुलांना होतो तो. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावे लागे. टिली आजीच्या कोटाला बिलगून उभी होती. सुया बंद, हे ऐकून तिचा चेहरा फुलला.

"नेटा, हे करू नकोस!" बाई गर्दीतून पुढे आल्या. "तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते थेंबांनी येणार नाही."

प्राउस हसला. "बाई, तुमचं डोकं मोठं आहे हो, पण मन कुलूपबंद. कंपनं आत शिरणार कुठून?"

लोक हसले. नेटा मात्र हसली नाही. तुटक आवाजात म्हणाली, "उना, तुझं कुणी पुरात गेलं नाही. घरी जा."

बाईंनी घरी जाऊन डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी नेटाला केला. "देतेय की इंजेक्शन," नेटाने सांगितले, आणि फोन ठेवला.

सोमवारी टिली शाळेत आली नाही. बाई दर सोमवारी शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जात. रिकामे बाक पाहून त्यांनी पुस्तक मिटले आणि गाडी रेनींच्या शेताकडे घेतली.

स्वयंपाकघरात प्राउस चीज भरलेल्या पावाची गरम गुंडाळी खात बसला होता. कोपऱ्यातल्या बाकावर टिली पडलेली. तिच्या उशाशी पाण्याचे तीन रिकामे जग.

"सारखी पाणी मागते," नेटा म्हणाली. "रात्री दोनदा ओकली. हे म्हणतात, विष बाहेर पडतंय."

"पडणारच," प्राउस तोंड पुसत म्हणाला. "डूगल धुतोय."

बाई टिलीपाशी वाकल्या. ती खोल, भरभर श्वास घेत होती, आणि त्या श्वासाला वास होता. कुजायला आलेल्या फळाचा, नखांचा रंग पुसायच्या औषधाचा. बाईंना तो ओळखीचा वाटला. भट्टी सुरू झाली की पहिला पेलाभर माल डूगल चाखूनसुद्धा बघत नसे, सरळ गटारात ओतत असे. त्याला असाच वास यायचा.

"नेटा, इथे ये. हिच्या तोंडाचा वास घे. डूगल काय ओतून टाकायचा?"

नेटाने वाकून वास घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"साखर वापरता येत नाही म्हणून हिचं शरीर स्वतःची चरबी जाळतंय. त्याचा हा वास आहे. संध्याकाळपर्यंत ही बेशुद्ध होईल. त्याच्या पुढचं मी बोलत नाही."

"भीती घालतायत!" प्राउस उठला. "नेटाताई, आता सुई टोचलीत तर डूगल कायमचा जाईल. ती चव पुन्हा कधीच येणार नाही!"

नेटा दोघांच्या मध्ये उभी राहिली. एकीकडे नवरा, एकीकडे नात. बाईंना कळले, नुसत्या समजावण्याने ती हलणार नाही. त्यांनी आवाज उतरवला. वर्गात घाबरलेल्या पोराशी बोलत तसा.

"नेटा, त्या नळ्यात तू काय भरलं होतंस गं?"

"तांब्याची जाळी. डूगल जाळी अर्धवट भरायचा, आळशी मेला. मी सगळी बाहेर काढली, उकळली, आणखी तीन गुंडाळ्या विकत आणून नळा ठासून भरला. निळ्या लोकरीनं बांधल्या."

"चल, बघू आहेत का."

"झाकण उघडू नका!" प्राउस ओरडला. "आत तो आहे!"

नेटाने एकदा टिलीकडे पाहिले. मग भिंतीवरचा पाना उचलला आणि अंगण ओलांडून शेडमध्ये गेली. भट्टी थंड होती. चार नट फिरले, वेटोळे उचलले गेले. नेटाने स्टुलावर चढून आत डोकावले, मग हात खांद्यापर्यंत घातला.

नळा रिकामा होता. हातभर खाली निळ्या लोकरीचा एक तुकडा तेवढा अडकलेला.

नेटाने तो तुकडा मुठीत धरला. ती रडली नाही. धावत घरात गेली, फ्रिजमधून इन्सुलिन काढले, आणि डॉक्टरांना फोन लावून ते म्हणाले तेवढे टिलीला टोचले. बाईंनी गाडी दारापर्यंत आणली. इस्पितळ तासाभराच्या वाटेवर होते. वाटभर दोघी टिलीचा श्वास ऐकत होत्या.

टिली वाचली. पाच दिवस सलाईन लागले, पण वाचली. प्राउसची गावातली भाड्याची खोली सोमवारी संध्याकाळीच रिकामी झाली होती. पलंगाखाली तांब्याच्या जाळीच्या गुंडाळ्या सापडल्या, निळ्या लोकरीने बांधलेल्या.

त्यानंतरच्या शनिवारी शेडमध्ये पुन्हा तीच चाळीस माणसे जमली. जरा खाली मान घालून. बाईंनी टिलीला पुढे स्टुलावर बसवले आणि सकाळी एकाच पिंपातल्या आंबवणाचे दोन वाटे केले. पहिला वाटा जाळी ठासून आणि पाणी पूर्ण सोडून गाळला. पेला फिरला. जहाल, बेचव. मग भट्टी निववली, अर्धी जाळी काढली, नळ बोटभर धारेवर आणला आणि दुसरा वाटा गाळला. याचाही पहिला पेलाभर माल ओतून टाकून मग पुढचा पेला फिरवला. ओला धूर, भाजलेली पोळी, मध.

"आयला," हेमिश म्हणाला. "बाई, डूगलला तुम्ही पण बोलावलंत?"

"मी नळ बोलावला. ऐका. शाळेचा जिना आठवतो? प्रत्येक पायरीवर मी उभी राहून म्हटलं, दप्तर जड असेल त्यानं खाली परत जा, तर वर कोण पोचेल?"

"दप्तर न आणणारा," हेमिश म्हणाला. "म्हणजे मी."

"बरोब्बर. रिकामा. वाफ नळ्यातून वर चढते. डोक्याशी पाणी तिला थंड करून खाली ढकलतं, जाळीवर ती पुन्हा तापते, पुन्हा चढते. प्रत्येक फेरीत हलकी दारू पुढे सरकते आणि जवाची, धुराची जड चव मागे राहते. जाळी जितकी दाट आणि पाणी जितकं जास्त, तितकी दारू शुद्ध आणि चव गायब. नेटानं प्रेमानं, नीटनेटकेपणानं चवच धुऊन टाकली. प्राउसनं घोंगडीखाली जाळी उपसून बॅगेत भरली आणि नळ आवळला. बाह्यांना तांब्याचा गंज लागला, तेवढाच काय तो डूगल त्याला भेटला."

टिलीने दारूची तीव्रता मोजायची काचेची नळी दोन्ही पेल्यांत बुडवून आकडे वाचले. "पहिल्यात त्र्याण्णव टक्के. दुसऱ्यात बहात्तर."

"मग ती चव..." नेटाने हळूच विचारले. "त्यात तो नव्हताच?"

"त्याची अक्कल होती," बाई म्हणाल्या. "अर्धी जाळी आणि बोटभर धार. त्याच्या हाताला ठाऊक होतं, म्हणून त्यानं लिहिलं नाही."

नेटाने डूगलची वही उघडली आणि त्याच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिले: जाळी अर्धी. पाणी बोटभर.

बाई गर्दीकडे वळल्या. "तुम्हा सगळ्यांना मी शिकवलंय, म्हणून हक्कानं सांगते. दुःख झालं की माणूस काहीही मानायला तयार होतो, त्यात लाज नाही. पण कुणी तुम्हाला बाहेर उभं करून आत एकटा काही करत असेल, तर आत जा. कुणी म्हणालं उघडू नका, तर तेच आधी उघडा. आणि आजारी माणसाचं औषध बंद करायला सांगणारा जिवंत असो की मेलेला, त्याचं ऐकू नका."

वाऱ्याने पत्रा वाजला.

टिलीने घड्याळ पाहिले, स्टुलावरून उतरली आणि आजीपुढे बाही वर केली.

"आजी, वेळ झाली. सुई आण."