दोन वाक्यांना एक हूं

"दोन पाकिटांना मिळून एकच पोच देतेस, पण शेवटचं पाकीट एकटं उरलं तर?" ऑफिसातल्या श्रीवत्सनं तिचा कोड तपासताना विचारलं होतं.

वेदश्रीनं ते उडवून लावलं. "अरे, मागून दुसरं येतंच की! बॅटरी वाचते ते बघ."

छोट्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेटवर्कचा भाग ती केशवापुरात घरी बसून लिहायची. तसल्याच यंत्रांची एक जोडी तिनं घरातही लावली होती. एक तिच्या टेबलावर, दुसरं रायापूरला अंबूआत्याकडे, कारण तीन वर्षांची सावनी दिवसभर तिथं असे. तिकडचं यंत्र आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं, पाठवी. इकडच्यानं 'मिळालं' अशी पोच दिली की पुढची. लेकीची बडबड कानावर असली की हिचं कामात लक्ष. पण हल्ली ते मध्येच मुकं व्हायचं, आणि ते मुकं झालं की ही रिक्षात.

"आलीस परत?" आत्या दारातच म्हणाली. "अय्य, पोरगी जेवतेय गं! हा डबा तरी उचल, नाहीतर नोकरी तरी सोड."

नोकरी तर सोडायची नव्हती. वेदश्री चटईवर टेकली.

आत्या गोष्ट सांगत भरवत होती. हूं ऐकल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. पण सावनीच्या तोंडात घास, म्हणून दोघींचा करार होता, दोन वाक्यांना एक हूं.

"कोल्हा ओढ्यावर गेला. पोटभर पाणी प्याला."

"हूं."

"आणि घरी येऊन झोपला."

सावनी गप्प. आत्याही गप्प.

"झोपला म्हटलं ना!"

सावनी डोळे वटारून दुसऱ्या वाक्याची वाट बघत राहिली.

"अगं बाई, दुसरं नसेलच येत, तर जरा थांबून एकाचंच म्हण की हूं!"

वेदश्री ताडकन उठली. "आत्या, सापडलं!"

"काय हरवलं होतं?" असं आत्या विचारेपर्यंत ही रिक्षात.

पाकिटं जोडीनं संपली की यंत्र चालायचं. एखादं उरलं की दोन्हीकडची यंत्रं एकमेकांची वाट बघत बसायची. तिनं कोडमध्ये एक टायमर घातला. दुसरं पाकीट वेळेत आलं नाही, तर एकट्याचीच पोच द्यायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी टेबलावरून आवाज आला, "आज्जी, भात साकु, पुरे!" वेदश्री एकटीच हसत सुटली. मग श्रीवत्सला कळवलं, "तुझं शेवटचं पाकीट पोचलं रे बाबा."

यंत्र आता अडत नाही. तरी आज बराच वेळ तिकडून चकार शब्द नाही. झोपली असेल. रिक्षा करणार नाही, असं वेदश्रीनं आत्याला वचन दिलंय. पण तुम्ही रायापूरवरून जाणारच असाल, तर जरा डोकावून सावनीला बघाल का? आणि बघितलंत की लगेच कळवा हं तिला.