दम घेतलेला वेळ

विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सांगा बघू? मुलीचं मन राखायला तेरा मिनिटं कमी सांगणाऱ्या बापावर, की तोंडावर खरं सांगणाऱ्या काट्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी पूर्वी दिलं असतं. काट्यावर, असं छातीठोकपणे म्हणालो असतो, कारण तो काटा माझाच आहे. पण काट्याला थांबवणारा अंगठा माझा नसतो, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. तळहातात मावणारा, चावीवर चालणारा. डोक्यावरचं बटण दाबलं की मी सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणखी एकदा दाबलं की थांबलो तिथून पुढे निघतो. कुशीतलं बटण दाबलं की सगळं पुसून शून्यावर. लोक माझ्या आवाजाला टिकटिक म्हणतात. खरं सांगू? ती धडधड आहे. मी जन्माचा भित्रा.

कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईनं चिमट्यानं माझ्या पोटात चाकं बसवली, मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा नीट बोलतोय." एवढंच माझं बारसं. मग डबा, अंधार, आणि डोळे उघडले ते थेट सायकलच्या दुकानात, काचेच्या कपाटात, घंट्यांच्या रांगेशेजारी. नऊ वर्षं मला गिऱ्हाईक मिळालं नाही. घंट्या येत होत्या, विकल्या जात होत्या, मी आपला तिथंच. पण नऊ वर्षं दुकानात काढली की माणसं वाचायला शिकवावी लागत नाहीत. भाव विचारून जाणारा कोण आणि घेणारा कोण, हे मी पायरीवरच्या पावलांवरून ओळखायचो.

मालक शाळेत फार गेलेले नव्हते, पण वजनकाट्याच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरला नसता. दुकानात छर्रे, नट, बोल्ट वजनावर विकले जात. एकदा एक गिऱ्हाईक भांडायलाच आलं, की तुम्ही डब्यासकट वजन करता. मालकांनी डबा रिकामा केला, रिकामा डबा वेगळा तोलला आणि त्याच्यासमोर ठेवला. म्हणाले, "बारदान मालात धरणारा माणूस मी नव्हे. डबा घरी नेऊन तोलून बघा, मग या भांडायला." ते गिऱ्हाईक पुढे दुकानाचं कायमचं झालं. हा किस्सा मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी तो इतक्यांदा ऐकलाय की मधला खोकलासुद्धा मला पाठ आहे. तुम्हीही तो ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं.

मालकांना तीन मुली. धाकटीला सगळे बारकी म्हणत, आणि ती सगळ्यांत उंच निघाली. दुकानातल्या सायकली चालवून बघण्याचं काम तिचं, त्यामुळे सायकल तिच्या पायातच होती. शाळेला उशीर व्हायचा म्हणून ती पळायची, त्यामुळे पळणंही आलं. विसाव्या वर्षी तिनं ट्रायथलॉनचा कागद आणून बापापुढे ठेवला. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावणं, सगळं एकाच दमात. मालकांनी तो दोनदा वाचला, कपाट उघडलं, फडक्यानं मला पुसलं आणि म्हणाले, "चल. तुझा मास्तर मी."

आई गल्ल्यावरून म्हणाली, "अहो, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का?"

"मला सायकल तरी कुठं धड येते? दुकान चालतंयच ना."

सायकल आणि धावणं यांत मला कधी भीती वाटली नाही. मालक करड्या शिस्तीचे होते. पोहून आल्यावर चष्मा काढून बूट घालण्याचा वेळही शर्यतीत धरतात, असं कागदावर लिहिलं होतं. म्हणून ते बारकीला अंगणात बूट घालायला लावत आणि मला चालू ठेवत. नाडी अडकली तरी मी चालू. ती वैतागून म्हणायची, "बाबा, नाडीचे सेकंद तरी सोडा." ते सोडायचे नाहीत.

पाण्याची गोष्ट वेगळी. बारकी पाण्याला घाबरायची, आणि तशी घाबरणारी मी दुसरी कुणी पाहिली नाही, मला सोडून. पहिल्या दिवशी ती पोहण्याच्या टाकीतून बाहेर आली ती थेट कोपऱ्यात जाऊन ओकली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. हिला हट्टी म्हणावं की वेडी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

टाकी पंचवीस मीटरची. शर्यतीचं अंतर दीड हजार, म्हणजे साठ वेळा या टोकाचं ते टोक. बारकी दोन वेळा जायची आणि भिंतीला चिकटायची. डोळे मिटलेले, बोटं पांढरी. अशी जवळजवळ अर्धं मिनिट राहायची, मग सुटायची. अशी पहिल्यांदा साठ पुरी केली तेव्हा मी चौपन्न मिनिटं दाखवली. मालकांनी आकडा सांगितला. तिचा चेहरा असा पडला, की मला माझाच आकडा लपवावासा वाटला.

त्या दिवशी मालक दुकानात नट तोलता तोलता थांबले. रिकामा डबा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मला तेव्हाच धस्स झालं.

दुसऱ्या दिवशी बारकीनं भिंत धरली आणि मालकांनी माझं डोकं दाबलं. मी थांबलो. ती सुटली, त्यांनी पुन्हा दाबलं. मी निघालो. एकोणतिसाव्या विश्रांतीपर्यंत हेच. शेवटी माझ्या तोंडावर एकेचाळीस मिनिटं. दम घेणं हे त्यांच्या लेखी बारदान होतं, माल तेवढा पोहण्याचा. त्या माणसानं आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, आणि यातही आपण कुणाला फसवतोय असं त्यांना वाटत नव्हतं.

बारकीनं आकडा ऐकला आणि पाण्यातच हसली. "एकेचाळीस? काल तर चौपन्न होते."

"काल तू घाबरली होतीस," मालक म्हणाले.

त्या हसण्यानं घात केला. पुढचे आठ महिने मालक त्या हसण्यासाठी माझं डोकं दाबत राहिले. टाकीवरचं भिंतीतलं घड्याळ कधीचं बंद पडलेलं, आणि घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिट दोन श्वासांएवढंच वाटतं. तिला कळणार कसं? वहीत एकेचाळीस, चाळीस, एकेचाळीस असे आकडे चढत गेले. मी रोज ओरडत होतो, पण माझ्या ओरडण्याला लोक टिकटिक म्हणतात.

मग शर्यतीचा अर्ज आला. पोहणं टाकीत नव्हतं, मोठ्या तलावात होतं. तलावाला भिंत नसते. अर्जात एक रकाना होता: दीड हजार मीटरला लागणारा वेळ, मास्तरच्या सहीनं. पंचेचाळीसच्या आतले लाल टोपीत, ते पहिले सुटणार. बाकीचे पिवळ्या टोपीत, पंधरा मिनिटं मागून, आणि बहुतेक होड्या त्यांच्याबरोबर. पंचावन्न मिनिटांत जो बाहेर येणार नाही त्याची शर्यत तिथंच संपली. मालकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. एकेचाळीस लिहिलं. खाली सही केली.

शर्यतीच्या सकाळी तलाव करडा होता. बारकी काठावर लाल टोपी घालून उभी. ओठ निळे, दात वाजत होते. आईनं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि पाणी फार गार आहे का म्हणून विचारलं. बारकी म्हणाली, "गार नाही गं. खोल आहे."

शिट्टी झाली. मालकांनी माझं डोकं दाबलं. चाळीस लाल टोप्या पाण्यात गेल्या, लाथा, फेस, कोपर, आणि त्या गर्दीत आमची कुठली ते दिसेनासं झालं. मध्ये एक मोठा नारिंगी फुगा तरंगत होता. त्याला वळसा घालून परत यायचं. वहीप्रमाणे बारकी तिथं विसाव्या मिनिटाला पोचायला हवी होती.

विसाव्या मिनिटाला मालक टोप्या मोजत होते. बाविसाव्यालाही. एकोणचाळीस टोप्या फुग्याला वळसा घालून परत फिरल्या होत्या. पिवळा घोळका होड्यांसह अजून काठापासून फार लांब गेला नव्हता. मधलं सगळं पाणी रिकामं.

"अहो, ती कुठवर आली असेल?" आईनं विचारलं.

मालक पुन्हा टोप्या मोजायला लागले. त्यांचा तळवा घामानं चिंब झाला होता, मी निसटत होतो. आणि मग त्यांचा अंगठा सवयीनं माझ्या डोक्यावर आला. ती कुठंतरी दम घेत असेल. दाबावं. त्या अंगठ्याखाली मी जितका घाबरलो तितका कधी घाबरलो नव्हतो. मी थांबलो असतो तर ती पाण्यात थोडीच थांबणार होती? ती बुडत असती आणि मी चोवीस मिनिटं दाखवत उभा राहिलो असतो.

अंगठा उचलला गेला. मालक पळाले. वॉकीटॉकी घेऊन बसलेल्या बाईंच्या टेबलाशी जाऊन ते थांबले. रांगेत माणसं होती, सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या मुलीची वेळ खोटी आहे."

"म्हणजे?"

"एकेचाळीस मी लिहिलं. ती दम घ्यायची तो वेळ मी धरलाच नव्हता. तिला चौपन्न लागतात, तेही भिंत धरून. तिला लाल टोपीत नको होतं. ती मागे एकटी राहिलीय."

बाईंनी रागवण्यात एक सेकंदही घालवला नाही. "टोपीचा नंबर?"

"एकशे सतरा."

एक होडी घोळका सोडून निघाली. पुढची चार मिनिटं मी मोजली, पण त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

पाण्यात काय झालं ते बारकीनं नंतर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. पन्नास मीटरनंतर तिचा हात भिंत शोधायला लागला. दर पन्नास मीटरला शोधायचा. भिंत नाही म्हटल्यावर छाती आवळायची. शेवटी ती उताणी होऊन नुसती आकाशाकडे बघत तरंगत राहिली. ओरडायलाही तिला भीती वाटत होती, तोंडात पाणी जाईल म्हणून. तेवढ्यात होडीची कड दिसली. शर्यतीत होडी धरून दम घेतलेला चालतो, होडीनं ओढून नेलेलं चालत नाही. तिनं कड धरली.

"बसतेस आत?" होडीवाल्यानं विचारलं.

"किती मिनिटं झाली?"

"एकतीस."

तिला वाटत होतं वीस झाली असतील. त्या एका आकड्यात तिला आठ महिने कळले. ती म्हणते, आधी राग आला, आणि रागाला जागा करून द्यायला भीती जरा सरकून बसली. ती होडीवाल्याला म्हणाली, "मी पोहते. तुम्ही फक्त बाजूला राहा."

ती बाहेर आली तेव्हा माझ्या तोंडावर अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद होती. पंचांनी वाकून तिच्या घोट्यावरचा वेळ नोंदणारा पट्टा सोडला, म्हणजे शर्यत संपली. तिची सायकल, बापानं स्वतः तेल दिलेली, स्टँडवर तशीच उभी राहिली.

बारकी टॉवेल गुंडाळून आली आणि मालकांच्या हातातून मला काढून घेतलं. मी अजून चालूच होतो.

"आज थांबवलं नाहीत?"

"नाही."

"आणि टाकीवर?"

मालकांनी सगळं सांगितलं. बारदान, रिकामा डबा, तिचं हसणं. खाली बघून सांगितलं. बारकीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तो दम बारदान नव्हता, बाबा. तोही मीच घेतला होता."

तीन आठवडे बापलेकीत चावी कुठंय आणि पंप कुठंय यापलीकडे बोलणं झालं नाही. आई मधे बसून दोघांचे निरोप पोचवायची, आणि एकदा वैतागून म्हणाली, की मला आता या घरात पोस्टमनचा पगार सुरू करा. मग एके दिवशी बारकी दुकानात आली, वही मालकांपुढे टाकली आणि म्हणाली, खरे आकडे लिहा. मालकांकडे एकही नव्हता, थांबवलेला वेळ कुणी मोजलाच नव्हता. मग तिनंच प्रत्येक चाळीस-एकेचाळीसपुढे एक शब्द लिहिला: खोटं. मालक समोर बसून बघत होते. वही संपेपर्यंत एक गिऱ्हाईक ताटकळलं, त्याला कुणी बसही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी. आता मी थांबत नाही. ती भिंत धरते, डोळे मिटते, बोटं पांढरी होतात, आणि मी चालत राहतो. त्यानंतरचा पहिला खरा आकडा चौपन्न वीस. ती म्हणाली, "असू दे. हा माझा आहे." महिने गेले तसे बावन्न, एक्कावन्न. भीती गेली का, असं टाकीवरच्या एका नवख्या मुलीनं तिला विचारलं होतं. बारकी म्हणाली, "नाही गं. तिलाही वेळ लागतो. मी तोही धरते. बाकीचे किती पुढे आहेत ते नंतर बघायचं, आधी आपण कुठं आहोत ते तरी खरं कळू दे." माझ्या पाहण्यात जिद्द म्हणतात ती एवढीच आहे. तिच्यात आरडाओरडा नसतो.

आता माझं वय झालं. एकदा टाकीत पडलो तेव्हापासून काचेच्या आतून वाफ धरते, आणि तासाला दोन सेकंद मी मागे पडतो. हे मालकांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आज वर्षानं पुन्हा तोच करडा तलाव आहे. बारकी पिवळ्या टोपीत उभी आहे, अर्जात एकोणपन्नास लिहिलंय, परवाच्या टाकीवरचं, विश्रांतीसकट. तिचे दात वाजताहेत. मालकांचा तळवा ओला आहे. मी तर काय, धडधडतोच आहे. ती पोचेल की नाही, मला ठाऊक नाही. आज कुणालाच ठाऊक नाही, आणि ते बरं आहे.

शिट्टी व्हायच्या आत तुमच्याकडे एक मागणं. तुमच्याही हातात कधी ना कधी कुणाच्या तरी दमाचा काटा येईल, लेकराचा, जोडीदाराचा, स्वतःचा. त्याला हसू यावं म्हणून अंगठा शिवशिवेल. दमलेल्याला खुशाल थांबू द्या, पाहिजे तेवढं थांबू द्या. काटा तेवढा थांबवू नका. हिशोब खरा ठेवा.