एनेलेसीचं वाचन

पिवळे टी-शर्ट घातलेले अकरा पाहुणे अमेरिकेहून आले, त्यांनी दहा दिवस राहून शाळेची भिंत रंगवली, पोरांना गाणी शिकवली, आणि उद्या सकाळी ते परत निघणार होते. रंगवायला गावात गोंद्वे रंगारी होताच की! पण त्याला विचारतो कोण? तो बिचारा आंब्याखाली बसून "अहो कोपरा राहिला, कोपरा!" म्हणून ओरडत होता, आणि पाहुणे त्याला हात हलवून हसत होते.

एनेलेसी न्यिरोंगोला त्या भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता पाहुण्यांनी चर्चमध्ये मांडलेल्या एका खोक्यात. त्यात फुकट वाटायचे चष्मे होते, जवळचं दिसण्यासाठीचे, मोजून चाळीस.

एनेलेसी शिवणकाम करायची. तळ्याकाठच्या चार गावांतल्या चर्चच्या महिला मंडळांचे पांढरे ब्लाउज तिच्याच हातचे. पण वर्षभरापासून सुईचं नेढं दिसेना. शेजारीण दोरा ओवून द्यायची, आणि शेजारीण शेतावर गेली की मशीन बंद. गेल्या महिन्यात तर तिनं काळ्या स्कर्टला निळ्या दोऱ्याची टीप मारली. गिऱ्हाईक गुमान कापड उचलून दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. म्झुझू शहरातल्या दुकानातला चष्मा तिच्या ऐपतीबाहेरचा. असंच चाललं तर मशीन विकावी लागणार, हे तिला स्वच्छ कळत होतं.

तपासणी साधी होती. मार्लिस नावाची साठीची हसरी पाहुणी टेबलाशी बसून बायबलचं पुस्तक हातात द्यायची. वाचता आलं तर डोळे ठणठणीत, अडखळलं तर चष्मा. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांची रांग वेगळी, त्यांना ताटलीतल्या घेवड्याच्या दाण्यांतले खडे वेचायला देत. मधे दुभाषी होती तवोंगा, शाळेतली मास्तरीण, एनेलेसीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

एनेलेसीची रांग खरं तर घेवड्याची. पण हे एनेलेसीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं दर गुरुवारी मंडळात उभं राहून, पुस्तक पुढ्यात धरून वचन वाचायची ती! नवरा हयात होता तोवर तो पहाटे चुलीपाशी बसून दोनदा मोठ्यानं वाचायचा आणि ती मनात साठवायची. तो गेल्यावर जुनाच साठा ती फिरवून फिरवून काढत होती. "यंदा हे तिसऱ्यांदा झालं हं," असं चर्चची पाळकबाई फालेसी एकदा बोललीही होती. पण वाचता येत नसेल, अशी शंका कुणाच्या मनालाही शिवली नाही. मग ती घेवड्याच्या रांगेत कशी उभी राहील? ती आपली वाचणाऱ्यांच्या रांगेत लागली. अडखळायचंच तर होतं, त्यात काय एवढं अवघड?

तिचा नंबर आला. मागे बाकांवर तीसेक बाया बसलेल्या, फालेसी पहिल्या बाकावर.

"मावशी, तेविसावं स्तोत्र," तवोंगा म्हणाली. "पहिल्या ओळीपासून."

झालं! तेविसावं तर तिच्या रक्तात मुरलेलं. आकडा कानावर पडला आणि पाठ आपोआप ताठ झाली. एकदा अडखळ, एकदा तरी अडखळ, असं ती स्वतःला बजावत होती, पण मागे बाया माना डोलवायला लागल्या, आणि मेली जीभ काही थांबेना. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा, कुठे चूक नाही.

मार्लिसनं टाळ्याच वाजवल्या. "मावशी, ती म्हणते, तुझे डोळे विशीतल्या पोरीसारखे आहेत," तवोंगा कौतुकानं म्हणाली. "चल, पुढचं कोण?"

एनेलेसी बाजूला जाऊन बसली. स्वतःचाच असा संताप आला की बस्स. खोकं भराभर रिकामं होत होतं. गोंद्वे रंगाऱ्यानंही एक चष्मा पटकावला आणि लगेच, "बघा, कोपरा इथूनही दिसतोय!" म्हणाला. सगळे खोखो हसले. तिला हसू येईना. आता खोक्यात तीनच उरले, आणि रांगेत दोघं.

ती उठून थेट टेबलाशी गेली.

"तवोंगा, त्या बाईंना सांग, मला वाचता येत नाही."

"अगं, आत्ताच तर वाचलंस!"

"वाचलं नाही, पाठ म्हटलं. मला अक्षर ओळखता येत नाही. कधीच आलं नाही. मला घेवडा दे."

तवोंगाचे डोळे भरून आले. इंग्रजीत सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मार्लिसला दोनदा विचारावं लागलं. घेवड्यातल्या पाच खड्यांपैकी एनेलेसीला एकच दिसला. मार्लिसनं उठून स्वतःच्या हातानं तिच्या नाकावर चष्मा चढवला, आणि आनंदाच्या भरात तेच पुस्तक तिच्यापुढे धरलं.

एनेलेसीनं पाहिलं. पानावरचं एकेक वळण, एकेक टिंब कोरून काढल्यासारखं लख्ख दिसत होतं. किती ते! बावीस वर्षं हातात धरलं, आणि यातलं एकही ओळखीचं नव्हतं. तिला भयंकर रडू आलं. रडताना चष्मा काढायचा असतो हेही तिला सुचलं नाही.

"मग आता गुरुवारी कोण वाचणार?" पहिल्या बाकावरून उठून टेबलाशी येत फालेसीनं विचारलं. आवाज गोड होता, पण टोक सगळ्यांना जाणवलं.

एनेलेसीनं पदरासारखं खांद्यावर घेतलेलं कापड ओढून नाक पुसलं आणि तिच्याकडे सरळ बघितलं. फालेसीच्या कॉलरची टीप एका जागी तिरकी गेलेली तिला दिसली. ती टीप एनेलेसीनंच मारलेली होती.

"मीच म्हणणार, पाळकबाई," ती म्हणाली. "पुस्तक मिटून ठेवीन, एवढंच. आणि उद्या तुमचा ब्लाउज घेऊन या. कॉलर उसवून परत लावून देते."