सेनेटर प्रूइटच्या खांद्यावरची शाल

सेनेटर प्रूइटच्या खांद्यावर जी शाल होती ती माझ्या आईची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते त्याशिवाय निव्वळ आगाऊपणा वाटेल. थोडा आगाऊपणा होताच. पण शाल आमची होती.

२००७ चा मार्च. ॲटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटात त्या दिवसांत पाइनच्या झाडांच्या परागांची पिवळी धूळ सगळ्या गाड्यांवर बसते. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वर काका सकाळी सात वाजता त्यांची व्हॅन पुसत होते आणि कोणत्या तरी कार्ट्याने काचेवर बोटाने लिहिलेलं "वॉश मी" नेमकं पुसलं जात नव्हतं.

"आपण राज्याच्या कॅपिटॉलला चाललोय," ते बाबांना म्हणाले. "हे असं घेऊन?"

मंडळाला पंधरा वर्षं झाली होती. आमच्या भागाचे सेनेटर प्रूइट राज्याच्या सेनेटमध्ये आमच्या अभिनंदनाचा ठराव वाचणार होते, म्हणून आई, बाबा, काका आणि अजून दहाबारा जण ॲटलांटाला निघाले होते. मी मात्र कामाला चालले होते. मी त्या दिवसाची पेज होते. सेनेटचं दार बंद झालं की बाहेरच्या लोकांना आत जाता येत नाही. मग ते दोरीपाशी उभे राहतात, चिठ्ठीवर नाव लिहितात, आणि पेज ती चिठ्ठी आत नेऊन सेनेटरला देते. सेनेटरला वाटलं तर तो बाहेर येऊन भेटतो. शाळेतली मुलं एकेक दिवस हे काम करतात. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. या वर्षी मी डिबेट टीममध्ये होते, दोन ट्रॉफ्या आणल्या होत्या, आणि पेजच्या अर्जावर सेनेटर प्रूइटची सही मी स्वतः त्यांच्या ऑफिसात फोन करून मिळवली होती.

पण मी अर्ज केला तो ईशानसाठी. ईशान माझा दादा. तो बारावीत होता आणि त्याला राज्याच्या युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळाली होती. फक्त, आम्ही बाबांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षं हलतच नव्हती, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या हिशोबी ईशान "बाहेरचा". बाहेरच्यांना फी तिप्पट आणि स्कॉलरशिप शून्य. बाबांनी दोन आठवडे डोकं धरून विचार केला आणि ठरवलं, की ईशानने नागपूरला मामाकडे राहून शिकावं. ईशान इथे आला तेव्हा सात वर्षांचा होता. मराठी वाचताना तो अजून ओळीखाली बोट फिरवतो.

"चालेल," तो बाबांना म्हणाला होता. "इट्स फाइन. नागपूर चालेल."

त्या दिवशी सेनेटपुढे कॉलेजांविषयीचं एक बिल होतं आणि त्याला एक दुरुस्ती सुचवली होती. जी मुलं इथल्याच शाळेत शिकली आणि ज्यांच्या घरच्यांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय, त्यांना राज्यातलीच समजा, एवढंच. ती पास झाली की ईशान राहणार. नाही झाली की ऑगस्टमध्ये तो विमानात. आणि सेनेटर प्रूइट आमच्या बाजूचे होते, कारण गणपतीत आमच्या हॉलमध्ये मोदक खाऊन ते स्वतः माइकवर म्हणाले होते, "ही मुलं आपल्या राज्याची मुलं आहेत." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी तर शिट्टीही वाजवली होती.

कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, दारात सिक्युरिटीवाल्याने सत्काराचा नारळ एक्स-रेमधून दोनदा नेला, मग कानाशी धरून हलवला.

"यात पाणी आहे," तो म्हणाला.

"असणारच. नारळ आहे," काका म्हणाले.

नारळ टेबलावर राहिला, शाल आत गेली. मंडळाची शाल पुण्याहून कुणाच्या तरी आईवडिलांच्या बॅगेतून यायची होती, ती बॅग फ्रँकफर्टला राहिली. मग आईने कपाटातून तिची न वापरलेली जांभळी शाल काढून दिली, जरीच्या काठाची. मामीने दिलेली.

खालच्या मजल्यावर जिन्यापाशी काकांनी ती सेनेटरांच्या खांद्यावर घातली. फोटो झाले. सेनेटर उंच, पांढऱ्या भुवयांचे, आवाज मधात बुडवलेला. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "सांगा, मी तुमच्यासाठी काय करू शकतो?"

मी पायरीवर बॅज लावून उभी होते. मनात म्हटलं, बोला काका.

काकांनी मान हलवली, हसले, आणि म्हणाले, "नथिंग, सर, नथिंग. तुम्ही वेळ दिलात हेच खूप. आम्हाला काही नको."

बाजूला बाबा. तेही मान हलवत होते. काही नको, काही नको.

मला हे "नको" माहीत आहे. कुणाच्या घरी गेलं की चहाला आपण नकोच म्हणतो. मग ते म्हणतात, घ्या हो अर्धा कप, मग आपण म्हणतो, कशाला उगाच, मग ते ओततात आणि आपण पितो. सेनेटरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "वंडरफुल," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

वर सेशन सुरू झालं. त्यांनी आमचा ठराव वाचला, मोरेश्वर काकांचं नाव "मोरीश" असं घेतलं, गॅलरीत आमची मंडळी उभी राहिली, टाळ्या झाल्या, आणि ठरावाची फ्रेम घेऊन सगळे डेकेटरला जेवायला गेले. बुफे दोनला बंद होतो म्हणून. मी आत राहिले.

आधी ते हायवे ४०० च्या बाजूला आवाज अडवणारी भिंत बांधण्यावर बोलले. खरं सांगते, छान बोलले. ट्रकच्या आवाजाने झोप न लागणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी, खिडकी उघडता न येणाऱ्या घरांविषयी. मध्येच वॉशिंग्टनला चार शब्द सुनावले, की देशाच्या सीमा सांभाळता येत नाहीत आणि निघालेत आम्हाला रस्ते शिकवायला. लोक हसले. मीही हसले. हा माणूस आमचा आहे, असं मला वाटत होतं.

मग दुरुस्ती आली. ते पुन्हा उभे राहिले, शाल अजून खांद्यावर, आणि त्यांनी तिचा काठ दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

"आज सकाळी या लोकांनी मला ही दिली," ते म्हणाले. "हे माझे मित्र आहेत. त्यामुळे माझ्या मनात त्यांच्याविषयी काही वाईट आहे असं कुणी म्हणू नये. मी त्यांच्या अध्यक्षांना स्वतः विचारलं, मी काय करू? ते काय म्हणाले माहितेय? काही नको, सर. स्वाभिमानी माणसं आहेत. त्यांनी जे मागितलंच नाही, ते आपण त्यांच्या गळ्यात का घालावं? माझं मत या दुरुस्तीच्या विरोधात."

हातातली चिठ्ठी मी एका सेनेटरच्या टेबलावर इतक्या जोरात ठेवली, की त्याने दचकून वर पाहिलं. मला ओरडायचं होतं. पेजने आत एक शब्द बोलायचा नाही, हा नियम सकाळी मिस लोरेटाने तीन वेळा सांगितला होता. मिस लोरेटा म्हणजे पेजेसच्या मुख्य, दाराशी उंच स्टुलावर बसलेल्या, चष्मा साखळीला.

मग कुणीतरी दार उघडलं आणि मला बाहेरची दोरी दिसली. आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

मी बाहेर गेले, बॅज काढून खिशात घातला आणि चिठ्ठीवर लिहिलं: नेत्रा, अल्फारेटा, आपल्याच भागातली, दुरुस्तीविषयी, अर्जंट. मग बॅज लावला, आत गेले, ती चिठ्ठी सेनेटर प्रूइटच्या हातात दिली, बाहेर आले आणि बॅज पुन्हा काढला.

मिस लोरेटाने सगळं पाहिलं. "पेज चिठ्ठ्या पाठवत नाहीत, हनी."

"मी पेज म्हणून नाही पाठवली, मॅम."

त्यांनी चष्मा नाकावरून थोडा खाली घेतला आणि दुसरीकडे पाहू लागल्या.

सेनेटर बाहेर आले, दोरीपाशी इकडेतिकडे बघितलं. "नेत्रा कोण?"

"मी."

"तूच तर चिठ्ठी आणलीस."

"हो. दुसरं कुणी आणेल याची खात्री नव्हती." मी एका दमात पुढे बोलले. "सर, माझा भाऊ ईशान इथे सात वर्षांचा असल्यापासून आहे. ही दुरुस्ती पडली तर तो ऑगस्टमध्ये घर सोडून जाणार. तुम्ही सकाळी विचारलंत ना काय हवंय? हे हवंय."

"तुमचे अध्यक्ष तर म्हणाले..."

"आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात, सर. तुम्ही पुन्हा विचारायला हवं होतं."

ते हसले. खरंच हसले, अगदी मोकळं. "माझ्या आजीकडेही हेच होतं. ॲपल पाय ताटात वाढला की तीनदा नको म्हणायचं, मग घ्यायचा. पहिल्यांदा हो म्हटलं तर पाठीत धपाटा."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं.

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्यांनी शाल नीट केली. "यंग लेडी, तुझे वडील मतदार आहेत?"

"नाही. आम्ही रांगेत आहोत. त्याचंच तर चाललंय."

"हं," ते म्हणाले.

एवढंच. एक "हं". आतून घंटा वाजली, मतदानाची. ते वळले.

"शाल द्या," मी म्हटलं.

"काय?"

"ती माझ्या आईची आहे. मंडळाची फ्रँकफर्टला आहे. तुम्ही ती आत साक्षीला उभी केलीत, ते तिला चालणार नाही. द्या."

दोरीपाशी सूटवाले पाचसहा जण उभे होते, सगळे आमच्याकडे वळले. सेनेटरांनी शाल काढली, चक्क व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तू राजकारणात ये," ते म्हणाले.

"आधी माझ्या भावाला राहू द्या."

ते आत गेले. मिस लोरेटाने दार धरून ठेवलं होतं. "बॅज लाव आणि जा आत," त्या म्हणाल्या. "बघायला तरी हवं."

मी बघितलं. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर प्रत्येक नावापुढे दिवा लागतो, हिरवा किंवा लाल. प्रूइट लाल. मग लालच लाल. दुरुस्ती पडली.

संध्याकाळी काका आमच्याकडे फ्रेम दाखवायला आले. मी शाल टीपॉयवर ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. काकांनी फ्रेम हळूच उलटी केली.

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते," ते म्हणाले. "पहिल्याच भेटीत हात पसरायचा?"

"पहिली कुठे, काका? मोदक खाऊन गेलेत. आणि तुम्हाला काय, तुमच्या मुली सिटिझन आहेत. तुमचं कुणी नागपूरला चाललेलं नाही."

"नेत्रा, हळू," बाबा म्हणाले.

"हळूच बोललात ना बाबा तुम्ही सकाळी. एवढं हळू, की ऐकूच आलं नाही."

आईने शाल उचलली, मांडीवर ठेवली. मला वाटलं आता मला बोलणी बसणार.

"भावजी, मीही तिथेच उभी होते," ती काकांना म्हणाली. "मीही नकोच म्हटलं असतं. पण ती बोलते ते खरं आहे."

मिस लोरेटाने निघताना मला सांगितलं होतं, की बिल आता दुसऱ्या सभागृहात जाणार, तिथे हीच दुरुस्ती पुन्हा मांडता येते. मी ते काकांना सांगितलं.

"मी फोन करतो तिथल्या मेंबरला," काका म्हणाले.

"भेटीची वेळ तुम्ही घ्या. बोलेन मी."

"तू?"

"शाल नाही न्यायची. नारळ नाही. आणि तुम्ही नथिंग म्हणायचं नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फ्रेमच्या पाठीमागची दोरी ओढून पाहिली. "बरं," ते म्हणाले. "ईशानलाही आण."

ईशान ड्राइव्हवेवर पाइप घेऊन गाडीवरची पिवळी धूळ धूत होता. मी बाहेर गेले.

"हरलो ना?" त्याने वळून न बघता विचारलं.

"इकडे हरलो. तिकडे अजून बाकी आहे. तू येणारेस. बोलायचंय."

"मी काय बोलू यार? आय टोल्ड बाबा, नागपूर चालेल."

"चालेल म्हणजे काय? दुसऱ्यांदा विचारतेय. तुला काय हवंय?"

तो बॉनेटवरच पाणी मारत राहिला. बॉनेट कधीच स्वच्छ झालं होतं.

"मला इथे राहायचंय," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

त्याने पाइप बंद केला आणि पुन्हा म्हणाला, एवढ्या मोठ्याने, की आत फ्रेम घेऊन बसलेल्या मोरेश्वर काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.